अंगठ्याचे मोजे विणण्याआधी चप्पल बघा

सुईदोरा

हिवाळी विणकामाच्या धाग्यावर तिघीचौघींनी विचारलं होतं, की अंगठा वेगळा असलेले लोकरीचे मोजे घरी कसे विणायचे. उत्तर लिहायला बसले तर ते तिथे मावेना, म्हणून हा वेगळा धागा. साधा मोजा विणता येतो असं धरून चालले आहे. येत नसेल तर विचारा, इथे सांगणारे पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट, हे मोजे बूटवाल्यांचे नाहीत. अंगठा वेगळा काढायचं कारण एकच, चपलेचा पट्टा. तुळशीबागेत मिळतात ते कातडीच्या रंगाचे पातळ मोजे स्कूटीवरच्या उन्हाला आणि धुळीला पुरतात. पण जानेवारीत आमच्या नाशिक-निफाडकडे पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही, तेव्हा त्यांचा काही उपयोग नाही. जाड लोकरीचे साधे मोजे घातले तर चप्पल पायात जात नाही. रेटून घातलीच तर मोज्याचं टोक पट्ट्यापाशी गोळा होतं आणि चालताना चप्पल निसटते. घरातली वडीलधारी मंडळी बहुतेक याच कारणाने हौसेने विणलेले मोजे कपाटात ठेवून देतात.

म्हणून माझं म्हणणं, या मोज्याचं निम्मं माप पायावरून घ्यायचं आणि निम्मं चपलेवरून. ज्याच्यासाठी विणताय त्याची रोजची चप्पल शेजारी ठेवा. पट्टा किती जाड आहे, तो अगदी बेचक्यात बसतो की थोडा पुढे, हे बघा. रबरी स्लिपरची खुंटी जाड असते, तिने बोटं फाकतात आणि तिथे कापड जास्त लागतं. चामड्याचा पट्टा पातळ, पण कडक. तिथे लोकर लवकर झिजते.

लोकर ४ प्लाय, सुया १२ नंबरच्या (२.७५ मिमी), दोन्हीकडे टोक असलेल्या. माझ्या हाताला यात १० सेंमीत ३० टाके बसतात. तुमच्या हाताला किती बसतात ते छोटा तुकडा विणून बघा, नाहीतर पुढचे सगळे आकडे वाया. चवड्याचा घेर २२ सेंमी असेल तर मोजा २० सेंमीचा विणायचा, म्हणजे ६० टाके. थोडा ताणून बसला तरच चपलेत सुरकुत्या पडत नाहीत. वर १ सुलट १ उलटची पट्टी, मग सगळं सुलट, मग टाच नेहमीची. इथपर्यंत दोन्ही मोजे सारखे.

टाच झाल्यावर पाऊल किती लांब विणायचं? अंगठ्याच्या टोकाचा इथे विचारच करू नका. टाचेच्या मागून निघून अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यापर्यंत मोजा. २४ सेंमीच्या पायात हे अंतर साधारण १९ भरतं. अर्धा सेंमी आधी थांबा, घातल्यावर मोजा लांबीला ताणतोच. जास्त लांब विणलंत तर पट्ट्याखाली लोकर गोळा होते, फार आखूड झालं तर बेचक्यात काचतं.

आता वाटणी. ३० टाके पायाच्या वर आहेत, ३० तळव्याला. अंगठ्याला वरचे १० आणि खालचे १०. उरलेले ४० दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवा. अंगठ्याचे २० टाके तीन सुयांवर घ्या आणि बेचक्याच्या बाजूला ४ नवे टाके घाला. या चार टाक्यांना आम्ही पूल म्हणतो. झाले २४. अंगठ्याचं अर्धं नख झाकेपर्यंत, म्हणजे ३.५ सेंमीच्या आसपास, गोल विणत जा. मग २ सुलट, २ एकत्र अशी एक फेरी (उरले १८), एक फेरी साधी, पुढची १ सुलट, २ एकत्र (१२), आणि शेवटची सगळे दोन-दोन एकत्र (६). लोकर तोडून दाभणाने सहाही टाक्यांतून ओढा आणि आत पक्की करा.

बाकीच्या बोटांसाठी ४० टाके परत सुयांवर, पुलाच्या बुडातून ४ उचला. झाले ४४. चार फेऱ्या साध्या. पुढच्या आठ फेऱ्यांत एक सोडून एक फेरीत फक्त करंगळीच्या कडेला वर एक आणि खाली एक टाका कमी करा (३६). मग चार फेऱ्या दोन्ही कडांना कमी करत या (२०). बोटांची उतरण करंगळीकडे असते, म्हणून हा तिरकेपणा. दोन्ही कडांनी सारखं कमी करत गेलात तर करंगळीपुढे रिकामा कोपरा लोंबतो. शेवटचे २० टाके दोन सुयांवर समोरासमोर घेऊन दाभणाने टाक्याला टाका जोडा.

डावा-उजवा: काम अंगावर धरलंत, की मोज्याचं तोंड तुमच्याकडे आणि बोटं तुमच्यापासून लांब असतात, म्हणजे स्वतःच्या पायाकडे बघतो तसंच. फेरी वरच्या ३० टाक्यांपासून सुरू होते असं धरा. उजव्या पायाला वरचे शेवटचे १० आणि तळव्याचे पहिले १० अंगठ्याचे. डाव्या पायाला वरचे पहिले १० आणि तळव्याचे शेवटचे १०. हे कागदावर लिहून लोकरीच्या पिशवीत टाका. पहिला मोजा झाल्यावर दुसरा हातसवयीने तसाच विणला जातो आणि मग घरात दोन उजवे मोजे असतात.

---

मोगरा_दादर

वाचनखूण साठवली! किती दिवसांपासून हवं होतं. पण ताई, चार-पाच सुया एकदम हातात घ्यायच्या म्हटलं की मला धडकी भरते. दोन सुयांवर होणारच नाही का?

---

वऱ्हाडी_ठेचा

होते नं, का नाही होत! आमच्या नागपूरच्या कॉलनीत एक पंजाबी काकू होत्या. त्या याला अंगूठेवाली जुराब म्हणत आणि हातात कधी दोनपेक्षा जास्त सुया धरत नसत. तिकडे उत्तरेत बायका चपलेवर सर्रास घालतात, त्यामुळे त्यांच्या हातात हे अगदी बसलेलं असते.

सपाट विणत यायचं. शिवण करंगळीच्या कडेला येईल असं धरायचं, म्हणजे अंगठ्याचे २० टाके ओळीच्या बरोबर मधोमध येतात. बाजूचे २०-२० मोठ्या सेफ्टी पिनांवर ठेवायचे. मधला अंगठा सपाट विणून पुलाच्या जागी शिवायचा, मग दोन्हीकडचे टाके एका सुईवर घेऊन बाकीची बोटं. शेवटी करंगळीपासून वरपर्यंत एकच शिवण.

आणि यात डावा-उजवा कुठे ठरतो सांगू? टाचेतच. ओळीच्या कुठल्या अर्ध्या भागात टाच काढली, त्यावर. म्हणून सुईदोराताई म्हणतात तसं "टाचेपर्यंत दोन्ही सारखे" हे दोन सुयांवर चालत नाही बरं. टाचेआधीच ठरवा.

---

सुईदोरा

ठेचाताई, हे मस्त सांगितलंत. टाचेचा मुद्दा माझ्या लक्षातही आला नसता, मी कायम गोलच विणते. शिवण करंगळीच्या कडेला घेतलीत हे उत्तम. तळव्याखाली घेतलेली शिवण टोचते आणि मग मोजा कोणी घालत नाही. मोगरा, तू असाच कर.

---

पेशवाई_पगडी

चर्चा उद्बोधक आहे. तथापि एक बाळबोध शंका: जी वस्तू बाजारात चहाच्या पैशात मिळते तिच्यासाठी दोन आठवडे मान मोडण्याचे प्रयोजन काय?

---

एकटा_विणकर

पगडीराव, मी मिनिॲपोलिसला असतो. इथे हिवाळ्यात उणे वीस म्हणजे बातमी नसते. घरात मात्र मी कोल्हापूरहून आणलेली चप्पलच घालतो, कारण त्याशिवाय घर वाटत नाही. इथल्या कुठल्याच दुकानात माझ्या पायाचा आणि माझ्या चपलेचा विचार करून मोजे ठेवलेले नाहीत. प्रयोजन पुरेसं आहे का? :)

(आणि हो, मी पुरुष आहे. दर वेळी "वहिनींनी छान विणलंय" अशा प्रतिक्रिया येतात म्हणून आधीच सांगितलं.)

लोकरीबद्दल थोडं. भारतात ४ प्लाय म्हणून जे सहज मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. स्वस्त, मऊ, मशीनमध्ये धुता येतं, हे मान्य. पण ॲक्रिलिक घाम शोषत नाही. पाय ओलसर झाला की गारठतो आणि मोजा चपलेवर घसरतो. इकडे मोज्यांसाठी खास लोकर मिळते, ७५ टक्के मेंढीची आणि २५ टक्के नायलॉन. १०० ग्रॅमच्या लडीत ४०० मीटरच्या आसपास भरते आणि मोठ्या माणसाचा जोड त्यात आरामात होतो. त्यातलं नायलॉन झीज थांबवतं. अंगठ्याच्या मोज्यात ते फार महत्त्वाचं, कारण पट्टा रोज त्याच जागी घासतो.

सुती दोऱ्याचे विणू नका. सुताला ताण नसतो, एका दिवसात मोजा पायावर ढगळ होतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्याकडे असेल बापा नायलॉनवाली. आमच्याकडे ॲक्रिलिकवरच दोन पिढ्यांचे पाय गरम राहिले. घरात घालायला काही वाईट नाही. बाहेर घालून चालायचं असेल तर तुमचं म्हणणं बरोबर.

---

कोल्हापुरी_रस्सा

एकटा विणकर, तुम्ही कोल्हापुरी घालून लोकरीचे मोजे घालता? कसं काय जमतं ते आधी सांगा. कारण कोल्हापुरीला नुसता मधला पट्टा नसतो, अंगठ्याचं कातड्याचं कडं असतं, त्यात पायाचा अंगठा अडकवायचा. त्या कड्यात उघडा अंगठाच मोजून मापून जातोय, लोकरीची टोपी घातलेला जायचाच नाही. आमच्या थोरल्या काकांचं तर कडं इतकं घट्ट असतंय, की नवी चप्पल पहिले चार दिवस तेल लावून मऊ करावी लागते.

सुईदोराताईंनी चप्पल बघा म्हटलंय ते एकदम पटलं. पण कोल्हापुरी बघितल्यावर पुढं काय करायचं?

---

एकटा_विणकर

बरोबर पकडलंत. माझी चप्पल जुनी आहे, कडं सैल झालंय, आणि तरीही पूर्ण अंगठा मी विणत नाही. वाटणी झाली की अंगठ्याच्या २४ टाक्यांवर चार-पाच फेऱ्या विणतो आणि टाके सैल बंद करून टाकतो. अंगठा उघडाच. बाकीची चार बोटं झाकलेली. एकटा अंगठा उघडा राहिल्याने फारशी थंडी वाजत नाही, कडं कातडीवर बसतं आणि चप्पल निसटत नाही.

पूर्ण झाकायचाच असेल तर फक्त अंगठा बारीक लोकरीचा विणावा, २ प्लाय आणि त्याला साजेशी बारीक सुई. टाके अर्थात वाढवावे लागतील. मला तो खटाटोप वाटतो.

---

सुईदोरा

उघड्या अंगठ्याची युक्ती आवडली. रस्साभाऊ, काकांसाठी हीच करा. नवीन चप्पल करून घेणार असाल तर विणलेला मोजा कारागिराकडे घेऊनच जा, तो कडं त्या मापाने सैल धरेल.

---

टेम्सकाठी

इथे एक भर घालते. चपलेवर मोजे ही आपली किंवा पंजाबची गंमत नाही, सतराशे वर्षांपूर्वीची आहे! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तच्या ऑक्सिरिंकसमध्ये सापडलेला लाल लोकरी मोज्यांचा एक जोड आहे. काळ साधारण इ.स. २५० ते ४२०. पुढचं टोक दुभंगलेलं, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बाकीची चार बोटं. चपलांवर घालायचे म्हणूनच तसे केलेले. बघताना पहिली प्रतिक्रिया हसूच येते, कारण ते दोन शेपट्यांसारखे लांबुडके दिसतात.

ब्रिटिश म्युझियममध्ये लहान मुलाच्या डाव्या पायाचा एक पट्ट्यापट्ट्यांचा मोजा आहे, अँटिनूपोलिस या गावच्या उकिरड्यातून निघालेला. तोही अंगठा वेगळा असलेला. २०१८ मध्ये त्याची वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन तपासणी केली. त्यात सात रंगछटा आहेत आणि त्या सगळ्या तीनच वनस्पतींपासून काढलेल्या: लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून, निळा वोड नावाच्या झाडापासून आणि पिवळा वेल्डपासून. उकिरड्यावर टाकलेल्या पोराच्या मोज्यासाठी एवढी रंगसंगती!

तांत्रिक भाग: हे दोन सुयांचं किंवा चार सुयांचं विणकाम नाही. एकच नेढं असलेली सुई, छोटे छोटे दोऱ्याचे तुकडे, आणि प्रत्येक वेढ्यातून अख्खा दोरा ओढून घ्यायचा. इंग्रजीत याला नालबाइंडिंग म्हणतात. वेळखाऊ काम, पण एक टाका तुटला तरी उसवत जात नाही.

---

मोगरा_दादर

बापरे! डाव्या पायाचा म्हणजे त्यांनाही डावा-उजवा हिशोब करावा लागत होता तर.

---

पेशवाई_पगडी

सतराशे वर्षांचा दाखला मिळाल्यावर आमचा आक्षेप मागे.

---

साकुरा_सदाशिव

धागा वाचून राहवलं नाही. मी जपानात राहते, आणि इथे दुभंगलेले मोजे म्हणजे ताबी. पण ताबी विणलेली नसते, कापडाची शिवलेली असते. मागे टाचेच्या वर धातूच्या चपट्या आकड्या असतात, त्यांना कोहाझे म्हणतात, बहुधा चार किंवा पाच. त्या लावल्या की कापड पायावर चापून बसतं. कापडाला ताण नसल्यामुळे ताबीचं माप फार काटेकोर घेतात, अर्ध्या अर्ध्या सेंमीचा फरक. सैतामा प्रांतातलं ग्योदा गाव यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे ताबी साठवायची जुनी कोठारं अजून उभी आहेत.

याच दुभंगलेल्या आकाराला खाली रबरी तळ लावून कामगारांसाठी जिका-ताबी निघाली. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावच्या इशिबाशी घराण्याने १९२० च्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर केली, आणि याच घरातल्या शोजिरो इशिबाशींनी १९३१ मध्ये ब्रिजस्टोन टायर कंपनी काढली. १९५१ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे शिगेकी तानाका दुभंगलेल्या पुढाचेच बूट घालून धावले होते.

पण मला लिहायचं होतं ते चपलेबद्दल, सुईदोरा यांच्या मुद्द्याला धरून. इथल्या जुन्या पद्धतीच्या झोरी आणि गेता यांत डावी-उजवी नसते. पट्ट्याचं भोक बरोबर मध्यावर असतं. आपल्या चपलेत ते अंगठ्याच्या बाजूला सरकलेलं असतं. त्यामुळे झोरीत पाय थोडा तिरका बसतो, करंगळी चपलेच्या बाहेर डोकावते आणि पट्टा बेचक्यात वेगळ्या कोनात शिरतो. आईने पुण्याहून विणून पाठवलेले मोजे मी आपल्या चपलेवर घालते तेव्हा झकास बसतात, आणि झोरीवर अंगठ्याच्या आतल्या बाजूला ओढ बसते. पाय तोच, मोजा तोच!

---

सुईदोरा

हे माहीतच नव्हतं. झोरीसाठी विणायचं झालं तर पूल ४ ऐवजी ६ टाक्यांचा घेऊन बघायला सांगा आईंना. अंगठ्याचे मग २६ आणि बाकीचे ४६ होतील. ओढ बसते ती बेचक्यात कापड कमी पडतं म्हणून.

---

नवशिकी_निशा

मी अगदी नवीन आहे. "टाच नेहमीची" इथेच गाडी अडली :( कृपया कोणीतरी ६० टाक्यांची टाच सांगाल का?

---

वऱ्हाडी_ठेचा

निशा, घाबरू नको. गोल विणणाऱ्यांसाठी लिहिते, मलाही येते बरं का ती!

टाच ३० टाक्यांवर, उरलेले ३० तसेच सुईवर गप्प बसून राहतात. या ३० वर पुढे-मागे सपाट विण, प्रत्येक सुईचा पहिला टाका न विणता उचल. अशा ३० सुया. ही झाली टाचेची पट्टी. कडेला साखळीसारखे १५ टाके दिसतील, ते नंतर कामाला येतात.

आता वळण. सुलट बाजूने १७ सुलट, २ एकत्र, १ सुलट, काम वळव. १ उचल, ५ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, वळव. १ उचल, ६ सुलट, २ एकत्र, १ सुलट, वळव. असं दर वेळी मधले एकेक वाढत जातात. आधी वळलेल्या ठिकाणी बारीकशी फट दिसते, तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र करायचा, एवढं लक्षात ठेवलं की मोजायचीही गरज नाही. सगळे टाके संपले की १८ उरतात आणि टाचेचा खोलगट वाडगा तयार होतो.

मग कडेचे १५ उचल, थांबलेले ३० विण, दुसऱ्या कडेचे १५ उचल. १८ आणि १५ आणि ३० आणि १५, एकूण ७८. आता एक सोडून एक फेरीत टाचेच्या दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत परत ६० वर ये. पुढं ताईंनी लिहिलंय तसं.

---

नवशिकी_निशा

इतकं सविस्तर!! खूप खूप आभार. "बारीकशी फट" वाचून एकदम उजेड पडला.

---

सांजवात

माझा प्रश्न जरा वेगळा. मी जोडवी घालते, शिवाय सणासुदीला मासोळ्या. लोकरीचा मोजा घातला की नक्षीत दोरे अडकतात आणि ओढले जातात. सासूबाई म्हणतात जोडवी काढू नको, आणि नवरा म्हणतो मोजे घालू नको. मधल्या मधे माझे पाय गार.

---

सुईदोरा

सांजवात :D

मासोळ्यांना इलाज नाही, त्यांची टोकं कशातही अडकतात. जोडव्यांचं बघू. बाकीच्या बोटांचा भाग एक नंबर बारीक सुयांवर, म्हणजे १३ नंबरवर, घट्ट विण. टाका जितका घट्ट तितका कमी अडकतो. आत कुठेही रंग बदलल्याचे मोकळे धागे लोंबत ठेवू नकोस, अडकतात ते मुख्यतः तेच. म्हणून जोडवीवालींसाठी मी बोटांकडे नक्षी घालतच नाही, सगळी हौस घोट्यावर. आणि आतून आपले तुळशीबागेतले पातळ मोजे घातलेस तर प्रश्नच मिटला. पगडीराव, बघा, त्यांचाही उपयोग निघाला.

---

नाडीपरीक्षा

डॉक्टर या नात्याने एक सूचना. घरातल्या मधुमेही व्यक्तीसाठी विणत असाल तर बोटांच्या मधे शिवण किंवा गाठ अजिबात नको. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर टोचलेलं कळत नाही आणि तिथे जखम होऊ शकते. वरची पट्टीही सैल ठेवा, पायावर वळ उठता कामा नये. मोजे काढल्यावर बोटांच्या बेचक्यांत रोज नजर टाकावी. अशांच्या बाबतीत मी तर अंगठा वेगळा न काढलेले, सैलसर, बिनशिवणीचे मोजे आणि मागून बंद असलेली पादत्राणं सुचवेन.

---

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, चांगलं केलं सांगितलं. म्हणजे माझी दोन सुयांची पद्धत त्यांच्यासाठी बाद. पुलाच्या जागी शिवण येतेच त्यात.

---

मोगरा_दादर

धागा वर काढते आहे. दोन सुया सोडून शेवटी गोलच विणायला घेतला! उजव्याचा अंगठा झाला, छान दिसतोय. पण पुलाच्या दोन्ही टोकांना भोकं दिसताहेत, करंगळीचं टोक जाईल एवढी. हे असंच असतं का?

---

सुईदोरा

अगं वा! भोकं सगळ्यांच्याच मोज्यात पडतात, तिथे कापड तीन दिशांना ओढलं जातं. बाकीच्या बोटांसाठी पुलाच्या बुडातून टाके उचलशील तेव्हा ४ ऐवजी ६ उचल, दोन्ही कोपऱ्यांतून एकेक जास्तीचा. कोपऱ्यातला आडवा धागा पीळ देऊन उचलायचा, नुसता उचललास तर भोक तसंच राहील. पुढच्या फेरीत ते दोन जास्तीचे शेजारच्या टाक्यांत एकत्र विणून टाक, की परत ४४. तरी फट राहिलीच तर पूल घालताना सोडलेलं लोकरीचं टोक आहे ना, ते दाभणात ओवून आतून दोन टाके मार. म्हणून ते टोक नेहमी वीतभर लांब सोडायचं.

---

एकटा_विणकर

आणि मोगरा, बाकीच्या बोटांचं विणायच्या आधी एकदा पायात घालून, वर चप्पल चढवून चार पावलं चाल. टाके दोऱ्यावर ओवलेले आहेत तोवर बेचकं पुढे-मागे करता येतं.

---

मोगरा_दादर

घालून चालले. स्लिपरची खुंटी बरोबर पुलावर बसतेय!! आता डावा. कागद लिहून पिशवीत टाकलाय, वरचे पहिले १०, तळव्याचे शेवटचे १०. बरोबर ना?

---

सुईदोरा

बरोबर.

---

कोल्हापुरी_रस्सा

काकांसाठी बायकोनं उघड्या अंगठ्याचा जोड विणला. काका खूश आहेत, पण आता म्हणताहेत मळ्यात जातानाही घालणार. पूल किती दिवस टिकंल? झिजल्यावर अख्खा मोजा टाकायचा का?

---

एकटा_विणकर

टाकायचा कशाला? मळ्यात घालणार असतील तर सगळ्यात आधी पूलच जाईल, कडं तिथेच घासतं. पूर्ण भोक पडायची वाट बघू नका. लोकर विरळ दिसायला लागली की त्याच रंगाची लोकर दाभणात ओवून टाक्याच्या वाटेवरूनच परत एकदा फिरवायची. वरून कळतही नाही. भोक पडलंच तर उघड्या अंगठ्याच्या चार-पाच फेऱ्या उसवून टाका, बाकीच्या बोटांच्या बाजूचे टाके उचलून नवा पूल आणि नवा अंगठा विणा. संध्याकाळभराचं काम. त्यासाठी वहिनींना त्या लोकरीचा एक छोटा गुंडा बाजूला ठेवायला सांगा, नंतर तोच रंग मिळत नाही.

---

कोल्हापुरी_रस्सा

गुंडा शिल्लक हाय. पण काकूंनी तो बघून स्वतःच्या जोडाची मागणी केलीय.